कोटाला चिकटवलेली गोष्ट

गेल्या थंडीत आमच्या दुकानात दिवसाकाठी दोन माणसं यायची, आणि त्यातलं एक संडासाची किल्ली मागायला. बुसानच्या कुकजे बाजारातली ही जुन्या कपड्यांची गल्ली एके काळी इतकी गजबजलेली असायची, की आमच्या सासूबाई स्टुलावर उभ्या राहून ओरडून ओरडून कपडे विकायच्या. आता लोक अंथरुणात लोळत फोनवर कोट घेतात. सासूबाई गेल्या, मागोमाग माझा नवरा गेला, आणि दुकान आम्हा दोघी जावांच्या गळ्यात आलं. मी मालसुक, थोरली. आणि धाकटी हेरान.

हेरान माझ्याहून चांगली पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवतो आणि घरी आला की झोपतो. दुकानाला त्याचा उपयोग शून्य. ऑनलाइन विकायचं खूळ तिचंच. त्याआधीही आम्ही फोनवर फोटो टाकायचो, पण ते बघून मला स्वतःलाही काही घ्यावंसं वाटलं नसतं. ट्यूबलाइटखाली काढलेले, पिवळट, आणि कपडे हँगरवर असे लोंबत की जणू फासावर दिलेत. हेराननं ते सगळं मोडून काढलं. सकाळचा उजेड दारात येतो तेवढ्या वेळात फोटो. त्याआधी प्रत्येक कपड्याला वाफेची इस्त्री. मग तो सपाट पसरून टेप लावायची: खांदा, छाती, बाही, उंची. कसर लागलेली जागा, बदललेलं बटण, काखेतला डाग, सगळं जवळून दाखवायचं.

"डाग लपवला तर कपडा परत येतो, ताई. वर शिव्या येतात त्या वेगळ्या," ती म्हणायची.

हे मला पटलं. मापं मी घ्यायची, फोटो तिनं. कुणी काही विचारलं की हातातलं काम टाकून उत्तर. विक्री हलली. पळाली म्हणणार नाही, पण रांगायला लागली.

मग तिनं गोष्टी लिहायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट एका हिरव्या स्वेटरची. साधा स्वेटर, कोपराला विरलेला. तिनं खाली लिहिलं: हा पियानो शिकवणाऱ्या एका बाईंचा. कोपर विरलंय, कारण त्या खिडकीत कोपर टेकून एका विद्यार्थ्याची वाट बघायच्या. तो कधी परत आला नाही.

"कोण ही बाई?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग हे काय लिहिलंयस?"

"ताई, स्वेटर गेलासुद्धा," तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "जेवायला बसायच्या आत गेला. दोन महिने पडून होता इथं, तेव्हा कुणी कुत्र्यानं हुंगला नव्हता."

मी भांडले. म्हटलं, अगं, आपल्याकडे कपडे पोत्यांतून येतात, किलोवर येतात. कुणाचे, कुठले, देवाला ठाऊक. त्यांना आपण खोटे मालक कशाला जोडायचे? ती म्हणाली, "खोट्यानं कुणाचं काय जातंय? मेलेल्या माणसांना काय कळतंय? तुम्हाला पटत नसेल तर विकू या परत गॅरेजवाल्यांना, पुसायच्या चिंध्यांच्या भावात." यावर मी टेप उचलून मापं घ्यायला लागले, कारण तिकडे पाकिटं बांधायची थांबत नव्हती. शिक्षिका, खलाशी, नर्तिका, परदेशी शिकून आलेली मुलगी. आमच्या एवढ्याशा दुकानात कुठकुठली माणसं जन्माला येऊ लागली, आणि सगळी दुःखी. आनंदी माणसाचा कोट कुणी घेत नाही म्हणे.

वसंतात एका पोत्यातून तो जांभळा कोट निघाला. पिकलेल्या आलुबुखाराचा रंग. जाड लोकर, शिंप्याकडून मापानं शिवून घेतलेला, आणि फारच थोडा वापरलेला. आत, उजव्या पल्ल्याला, मागाहून लावलेला एक खिसा होता. शिंप्याचा नव्हता तो. लाल दोरा, टाके वेडेवाकडे, आणि जागाही अशी की त्यात काही ठेवावं तर वाकल्याबरोबर बाहेर पडेल. मी तो खिसा उसवायला निघाले होते.

"थांबा, थांबा!" हेरान ओरडली. "हाच तर माल आहे."

तिनं त्या खिशाचाच फोटो मोठा टाकला. आणि गोष्ट लिहिली: बंदराजवळच्या दारूच्या गुत्त्यात नाचणारी एक बाई. तिच्यावर जीव जडलेला जहाजाचा कप्तान. त्याची प्रेमपत्रं लपवायला तिनं आपल्या हातानं शिवलेला हा खिसा. कोट लगेच गेला, चढ्या भावानं. गोष्ट त्याहून पुढे गेली. लोकांनी ती एकमेकांना पाठवली. आठवडाभर हेरान जमिनीला पाय न लावता चालत होती.

आणि मग एका दुपारी उनमी आली.

मी माशांच्या वड्यांचा रस्सा पीत बसले होते. दारात एक बाई उभी. पन्नाशीची, केस मागे घट्ट बांधलेले, चेहरा पांढराफटक. हातात फोन. मी "या, बघा" म्हणेपर्यंत ती आत आली आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर तो लाल दोऱ्याचा खिसा.

"हे कुणी लिहिलं?"

"काय झालं, बाई?"

"हे कुणी लिहिलं, ते विचारतेय मी!"

हेरान मागच्या पडद्याआडून बाहेर आली. "मी. का?"

"गुत्त्यात नाचायची? माझी आई? माझी आई गुत्त्यात नाचायची?" तिचा आवाज असा चढला की समोरच्या कमरपट्टे विकणाऱ्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "चा बुनी तिचं नाव! जागालचीच्या मासळीबाजारात उभं आयुष्य बाम माशांची कातडी सोलत बसली ती! पहाटे बर्फात हात घालायची! आणि तू, तू कोण गं मेली, तिला नाचवणारी?"

हेरानचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "बाई, असे कोट शेकड्यांनी असतात. तुमच्याच आईचा कशावरून?"

"लाल दोरा माझा आहे."

मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, आमच्याकडे न बघता, दुसऱ्याच कुणाला खडसावत असल्यासारखं. सुरीनं बुनीबाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. बाजारात त्याचं कुणाला काही नव्हतं, तिथं निम्म्या बायकांचे हात तसलेच. पण उनमी शाळा संपवून कॉलेजात जायची झाली, खानदानात पहिलीच, तेव्हा आईनं शाळेच्या निरोप समारंभासाठी कोट शिवून घेतला. आणि आदल्या संध्याकाळी रडायला लागली. फोटोत हात दिसेल म्हणून. तेव्हा उनमीनं घरात सापडला त्या दोऱ्यानं आतून खिसा लावून दिला. कोटाच्या पल्ल्याखाली हात सरकवायचा आणि तिथं टेकवायचा. "फोटोत वाटतं, बाई छातीवर हात ठेवून ऐटीत उभी आहे. एवढ्याचसाठी तो खिसा. प्रेमपत्रं म्हणे! तिला वाचायला तरी येत होतं का?"

गल्लीतले लोक खाली बघायला लागले. वाटलं, हेरान आता तरी पाय धरील. पण तिला घेरलं गेलं की ती नखं काढते, मांजरासारखी.

"एवढा जीव होता, तर कोट पोत्यात कसा आला?" ती म्हणाली. "आम्ही तुमच्या घरी चोरी करायला आलो नव्हतो. वजनावर घेतलाय आम्ही. कुणीतरी फेकला म्हणून घेतला!"

"हेरान!" मी ओरडले.

उनमीनं तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ती म्हणाली, "भावानं. माझ्या सख्ख्या भावानं, चांगसिकनं. आईला जाऊन महिना झाला नव्हता. मी उल्सानहून येईपर्यंत खोली रिकामी करून भाड्यानं दिली. मला म्हणाला, जुनं सामान होतं, टाकलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. परवा बरोबरची एकजण फोन दाखवत म्हणाली, बघ गं, कसला कोट आहे, वाचून रडूच येतं. मी भात ढवळत होते." तिनं ओठ चावला. "कोट कुठाय?"

हेराननं पत्ता शोधला, उनमीचा नंबर घेऊन तिलाही पाठवला. कोट लांब गेला नव्हता. जनपोच्या गल्लीतल्या एका कॅफेनं घेतला होता.

मी शटर ओढलं आणि तिघी निघालो. मेट्रोत हेरान आमच्यापासून दोन माणसं सोडून उभी होती, आणि मला तिचा इतका संताप आला होता की तिच्याकडे पाहिलं असतं तर गाडीतच भांडण पेटलं असतं.

कॅफे म्हणजे जुनी गोदामाची खोली, मुद्दाम न रंगवलेली. समोरच्या भिंतीवर, दिव्याच्या झोतात, बुनीबाईंचा कोट. शेजारी चौकटीत हेरानची गोष्ट, सुबक अक्षरांत. खाली टेबलावर छोट्या चिठ्ठ्या, पेन्सिली आणि पाटी: कप्तानाला पत्र लिहा. दोन मुली चिठ्ठी लिहून त्या लाल दोऱ्याच्या खिशात सारत होत्या, तिसरी फोटो काढत होती. खिसा चिठ्ठ्यांनी फुगला होता, टाके ताणले होते.

उनमी पुढे गेली आणि खिशात हात घालून त्या मूठभर चिठ्ठ्या बाहेर काढल्या. एक वाचली. मोठ्यानं. "कप्तान, लवकर ये. दोन लाटे कॉफी पाठव." मुली फिदीफिदी हसल्या. त्यांना वाटलं, हाही कॅफेचाच खेळ.

मालक धावत आला. तिशीचा, लोकरी टोपी घातलेला. "काकू, काकू, त्याला हात लावायचा नाही. फक्त चिठ्ठी टाकायची."

"हा कोट माझ्या आईचा आहे."

मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. मासळीबाजार, बोटं, समारंभ, खिसा. चांगल्या शब्दांत सांगितलं. म्हटलं, पोरगा आहे, समजेल. तो ऐकत गेला तसे त्याचे डोळे मोठे होत गेले. मला वाटलं, हृदय आहे बिचाऱ्याला.

"बोटं तुटलेली?" तो म्हणाला. "खरंच? अहो, हे तर जास्त भारी आहे! आणि खरं! कप्तानबिप्तान आता सगळीकडे झालंय. मासळीवाली आई... फोटो आहे का तुमच्याकडे तो समारंभाचा? मी मोठा करून लावतो. नवीन चौकट करू. लोक ढसाढसा रडतील, काकू. तुम्हाला कॉफी फुकट, कधीही या."

मी या बाजारात उभं आयुष्य घालवलं आहे. फसवणारे पाहिले, चोर पाहिले, मढ्याच्या अंगावरचं विकणारे पाहिले. पण तळपायाची आग अशी मस्तकात कधी गेली नव्हती.

उनमीनं कोट हँगरवरून काढला. शांतपणे काढला, अंगात घातला आणि दाराकडे वळली.

"ओ, ओ! पैसे मोजलेत मी!" मालकानं बाही धरली. उनमीनं झटका दिला. खांद्याची शिवण टरकन उसवली.

त्या आवाजानं सगळा कॅफे वळून बघायला लागला. आणि मग हेरान फुटली.

"सोड! बाही सोड, मुडद्या!" तिनं त्याच्या मनगटावर असा फटका मारला की तो मागे सरकला. "मी लिहिलंय ते! मी! सगळं खोटं आहे, एकूण एक अक्षर! कप्तान नाही, गुत्ता नाही, काही नाही! हे बघ, तुझे पैसे परत पाठवले, बघ फोनवर. आले? आता हा कोट तुझा नाही."

"असं कसं? दिवे लावलेत मी, चौकट केली आहे, त्याचा खर्च..."

"पोलिसांना बोलव! बोलव ना! मी इथंच बसते. त्यांनाही सांगते आणि या पोरींनाही सांगते, की कोट कुणाचा हे कळल्यावर तू काय म्हणालास!"

मालकानं मुलींकडे पाहिलं. त्या आता हसत नव्हत्या. एकीनं फोन त्याच्याकडे रोखला होता. तो पुटपुटत गल्ल्यामागे गेला.

मला तोवर हातपाय आठवले. भिंतीवरची चौकट मी उतरवली. कोपऱ्यात फरशी पुसायची बादली होती, काळ्या पाण्यानं भरलेली. चौकट मी त्यात उभी बुडवली आणि बाहेर आले. अजूनही कधी झोप लागली नाही की तो डुबुक आवाज आठवतो आणि मला बरं वाटतं.

रस्त्यावर हेरान उनमीसमोर उभी राहिली. "चुकलं माझं," ती म्हणाली. तेही रागातच म्हणाली. तिला दुसरं येत नाही.

"माफी नको मला. ते काढ. माझ्या डोळ्यांसमोर काढ."

हेराननं तिथंच उभ्यानं गोष्ट काढून टाकली.

"निदान विचारायचं तरी होतं," उनमी म्हणाली.

"कुणाला विचारायचं? पोत्याला?"

"पोत्याला विचारता येत नसेल, तर गप्प बसता येतं."

हेराननं मान खाली घातली. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं. मी म्हटलं, खांदा उसवलाय, दुकानात चला, मी शिवून देते, आतून, कळणारसुद्धा नाही. उनमी म्हणाली, "माझं मी शिवीन." आणि तशीच गेली, उघड्या खांद्यानं, तिला आखूड होणाऱ्या त्या कोटात. ऊन चांगलं तापलं होतं. लोक वळून बघत होते.

पुढचे दिवस वाईट गेले. हेराननं सगळ्या गोष्टी काढल्या आणि आमच्या पानावर लिहिलं, की इथली सगळी माणसं मी रचलेली होती. लोक तुटून पडले. स्वेटरवाली पियानोशिक्षिका खोटी निघाली म्हणून एकीनं स्वेटर परत पाठवला, वर तीन महिने घालून. काहींनी लिहिलं, खोटं असलं तरी चालेल, लिहीत जा, आवडायचं. हेरान ते वाचून जास्त भडकायची. आता खाली फक्त मापं, कापड, दोष. ओळ संपली की संपली. विक्री परत रांगायला लागली, आणि आम्ही दोघी इस्त्रीच्या पाण्यावरूनसुद्धा भांडायला लागलो.

अशात एके दिवशी एक गृहस्थ आले. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, हसरा चेहरा. कपड्यांकडे बघितलंही नाही.

"माझ्या बहिणीनं इथं येऊन तमाशा केला म्हणे," ते म्हणाले. "मी गो चांगसिक. तिच्या वतीनं दिलगीर आहे. जरा तापट आहे ती."

मी टेप खाली ठेवली.

"तिनं फोनवर मला शिव्या घातल्या, तेव्हा कळलं की कोट बराच चांगल्या भावाला गेला होता. मला तर भंगारवाल्यानं काहीच दिलं नाही हो. आता कसं आहे, त्याच पोत्यात आईचं रेशमी हानबोकही होतं. सणाचा पोशाख. ते विकलं असेल तर त्यातलं काही..."

"काही काय?" मी विचारलं.

"म्हणजे, मुलगा म्हणून माझाही थोडा..."

उंचावरचे हँगर काढायची आकड्याची काठी माझ्या हाताशीच असते. ती मी कधी उचलली ते मला कळलं नाही. "मुलगा? आईची खोली धुवायच्या आधी भाड्यानं देणारा मुलगा? तिच्या अंगावरचं फेकलंस आणि आता वास काढत आलास, मांजरा? नीघ! नीघ माझ्या दुकानातून!"

"अहो बाई, तोंड सांभाळा..."

"तोंड सांभाळतेय म्हणून अजून उभा आहेस!"

"ताई, ती नको, बांबूची आहे, मोडेल," मागून हेरान म्हणाली आणि शटर ओढायचा लोखंडी गज माझ्या हातात दिला. "हा घ्या."

चांगसिक इतक्या घाईनं वळले, की दारातल्या चपलांच्या ढिगावरून घसरले आणि गल्लीत गुडघ्यांवर पडले. समोरचा कमरपट्टेवाला हसायला लागला, शेजारची मोजेवाली हसायला लागली. मी हसले नाही. तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्या नावानं ओरडत होते, आणि त्यातलं काही त्याच्यासाठी होतं, काही कॅफेवाल्यासाठी, काही हेरानसाठी. माझ्यासाठी किती, ते मी मोजलं नाही.

मागे वळून बघते तर हेरान जमिनीवर. पोती उपसत होती. सगळा माल बाहेर काढला तिनं, वर्षभराचा न विकलेला. त्यातून चार रेशमी हानबोक निघाले. एक फिकट गुलाबी, एक हळदी, दोन हिरवट. तिनं ते दारातल्या उजेडात पसरले, फोटो काढले आणि उनमीला पाठवले. खाली एवढंच लिहिलं: यातलं आईचं कुठलं?

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मी डुकराचं सार आणि भात मागवला. आम्ही एकमेकींकडे न बघता जेवलो. भांडी परत न्यायला माणूस आला, तेव्हा फोन वाजला.

एकही नाही, उनमीनं लिहिलं होतं.

हेराननं फोन कपड्यांच्या ढिगावर फेकला. "विकलं गेलं असणार," ती म्हणाली. "मीच विकलं असणार. कुणाला, कोण जाणे. काय लिहून विकलं, तेही आठवत नाही." तिनं तोंड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. तिची समजूत घालावी एवढा माझा राग अजून गेला नव्हता.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मी उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"तिसऱ्या फोटोतल्याची नीट घडी घाला. चुरगळलंय."

हेराननं मान वर केली. नाक पुसलं. मग ते हिरवट हानबोक उचललं आणि इस्त्रीत पाणी भरायला उठली.